बेड अडवून ठेवायचा नाही

आमच्या माहेरी, अकोटला, वस्तू मरत नसत. छत्री मोडली की कापडाची पिशवी व्हायची, काड्या टमाट्याच्या झाडांना टेकू म्हणून जायच्या आणि उरलेली मूठ "लागन कवातरी" म्हणत बाबा माळ्यावर टाकायचे. बाबा गेल्यावर माळा उघडला, तर वर छत्र्यांच्या मुठींचं संमेलनच भरलेलं होतं. मी त्या घरची पोरगी. रुखवतातली भांडी कुठं गेली ते आठवत नाही. "लागन कवातरी" मात्र सासरी जसंच्या तसं घेऊन आले.

असल्या बाईनं भाड्यानं राहायला जावं कुणाकडे, तर सिस्टरकडे.

माझी शाळा भातकुलीला, ह्यांचं ऑफिस अकोल्याला. त्रास दोघांनाही सारखा व्हावा म्हणून आम्ही अमरावतीत बिऱ्हाड करायचं ठरवलं. हे रोज बडनेऱ्याहून गाडी धरत, मी एसटी. खोल्या बघायला गेलो तेव्हा दारात एक उंच, काटकुळ्या बाई उभ्या होत्या. पांढरं पातळ, घट्ट अंबाडा, आणि खांद्याखाली पिनेनं उलटं टांगलेलं घड्याळ. मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण घड्याळ काही निवृत्त झालं नव्हतं. भाजीवाला, पोस्टमन, चर्चचे पाळकसाहेब, सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. त्यांचं खरं नाव मला फार उशिरा विजेच्या बिलावर दिसलं आणि ते मला तोतयासारखं वाटलं.

भाड्याचं बोलणं झटपट आटोपलं. मग त्या म्हणाल्या, "एक अट हाये. डिसेंबरात, नाताळाच्या आंधी, माह्यासंगं तुमचंही सामान आंगणात काढा लागन. कबूल असन त या."

हे म्हणाले, "आम्ही दिवाळीला साफसफाई करतोच, सिस्टर."

"थे तुमचं तुमी करा. दिवाळीत लोक इकडचं सामान तिकडं ठेवते. त्याले आवरणं नाई म्हणत. त्याले बदली म्हणतात."

आम्ही दोघंही सरकारी नोकर. बदलीवर हसायचं धाडस आम्हाला झालं नाही.

डिसेंबरातल्या पहिल्याच शनिवारी सकाळी दारावर थाप पडली. "चला वो, राउंडची वेळ झाली." बाहेर येऊन पाहते तर आंगणात ओळीनं बाजा मांडलेल्या, बाजांवर पांढऱ्या चादरी, चादरींचे कोपरे दवाखान्यासारखे दुमडून खोचलेले, आणि त्यांवर सिस्टरचं अख्खं घर उन्हात पडलेलं. गंज-पातेली, पराती, उशा, भिंतीवरच्या फ्रेमा, शिवणाचा डबा. उरलेल्या दोन बाजा आमच्यासाठी राखून ठेवलेल्या. आमच्या सामानाला त्या पुरल्या नाहीत. चटया टाकाव्या लागल्या.

मग सिस्टर हात मागे बांधून निघाल्या. प्रत्येक वस्तूपाशी थांबायच्या आणि मालकाला विचारायच्या, "ह्याले काय झालं?" ती वस्तू शेवटची कधी वापरली हे सांगता आलं तर ती परत घरात. आठवायला लागलात की संपलं.

माझ्या खोक्यांपाशी त्या थांबल्या. "हा कोण?"

"लेमन सेट. लग्नात आला."

"अन् हा?"

"हाही लेमन सेट."

"अन् थो मांगचा?"

"तो... साखरपुड्यातला."

"पाणी कायच्यात पेता तुमी?"

"स्टीलच्या गिलासात."

"मंग हे कोणाची वाट पाहून राह्यले?"

"पाहुणे आले की लागतील ना, सिस्टर."

"आल्ते काय पाहुणे?"

"आले होते दिवाळीत."

"कायच्यात देल्लं?"

मी खाली पाहत म्हटलं, "स्टीलच्या गिलासात."

"डिस्चार्ज!"

ह्यांचं जुन्या चार्जरांचं आणि वायरींचं खोकंही त्याच दिवशी बरं होऊन घरी गेलं. संध्याकाळी हे अकोल्याहून आले, रिकाम्या कोपऱ्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "त्यात एक पिन होती. ती आता कुठंच मिळत नाही." ती पिन कशाला लागते, हे त्यांना सांगता आलं नाही. पण दोन दिवस घरात सुतक असल्यासारखं होतं.

डिस्चार्ज झालेलं सामान सिस्टर कबाड्याला देत नसत. "कबाडी म्हणजे मुर्दाघर," त्या म्हणत. "जित्याले कोणी मुर्दाघरात नेते काय?" कोणती वस्तू कोणाकडे जायची हे त्यांचं आधीच ठरलेलं असे. ती स्वतः उचलून त्या त्या घरी नेत आणि आत जाऊन बसत. इतका वेळ आत बसून काय करत, देव जाणे. आम्हाला वाटे, वापरायच्या सूचना देत असतील. जानेवारीत पुन्हा फेरी. "वापरून राह्यली न वो? नाईतं वापस दे." माझा एक लेमन सेट त्यांनी अशाच फेरीत एका घरच्या शोकेसमधून जप्त केला आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीला दिला. पुढं कितीतरी दिवस एसटीची वाट पाहताना मी माझ्याच लग्नाच्या गिलासात विकतचा चहा प्यायले.

हे सगळं मी माहेरी जाऊन रंगवून सांगायची आणि आमच्याकडचे पोट धरधरून हसायचे. हसण्यासारखंच होतं ते. त्याच्या मागं काय आहे, हे मला तिसऱ्या का चौथ्या डिसेंबरात कळलं.

नाताळाच्या करंज्या करायला सिस्टर मला बोलवत. त्यांच्या करंज्या आमच्या दिवाळीसारख्याच, फक्त काठ मुरडण्याच्या ऐवजी टाके घातल्यासारखे चिमटलेले. लाटता लाटता मी सहज विचारलं, "सिस्टर, तुम्ही एवढं का काढता हो घरातून?"

त्या म्हणाल्या, "बेड अडवून ठेवाचा नाई."

आणि मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. नव्यानं ड्युटीला लागल्या होत्या तेव्हाची. वॉर्डात एक बाई पूर्ण बरी झालेली, पण न्यायला घरचे आले नव्हते, म्हणून राहू दिलेली. त्या दिवशी वरूडकडची एक बाळंतीण ट्रॅक्टरवर घालून आणली. अडलेली. एकही बेड रिकामा नव्हता. मोठ्या सिस्टरनं आमच्या सिस्टरनाच दारात पाठवलं, सांगायला.

"मी सांगतलं, जागा नाई. तोंडानं सांगतलं, ह्या तोंडानं. ट्रॅक्टर फिरला अन् गेला. दुसऱ्या दवाखान्यापर्यंत पोचलाच नाई." त्या करंजीचा काठ चिमटत राहिल्या. "बरी झालेली बाई बेडवर बसून केस विंचरून राह्यली होती. तिची काय चूक? पण तवापासून मले सामान भरलेली खोली दिसली की थे बाई दिसते."

माझ्या खोल्यांत किती बाया केस विंचरत बसल्या होत्या, ते मला माहीत होतं.

त्यांचे यजमान शाळेत चित्रकला शिकवायचे आणि चर्चच्या गायनमंडळात पेटी वाजवायचे. मी त्यांना पाहिलं नाही. दरवर्षी नाताळाला काळा कोट घालून पेटीवर बसायचे, म्हणे. ते एका उन्हाळ्यात गेले. डिसेंबर आला. सिस्टरनी नेहमीप्रमाणे सगळं आंगणात काढलं आणि कोटापाशी आल्या. ह्याला काय झालं? त्यांनी स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. गल्लीतच एक पेंटर राहत होता, दरवर्षी चर्च रंगवून द्यायचा. थंडीत कुडकुडायचा. कोट त्याला दिला.

त्यांचा एकुलता एक मुलगा तेव्हा नागपूरला इंजिनिअरिंगला होता. तो नाताळाला आला, तो सकाळच्या गाडीनं थेट चर्चमध्येच. उपासना चालू झाली होती. तो मागून आत शिरला आणि समोरच्या बाकावर त्याला त्याचा बाप बसलेला दिसला. तीच पाठ, तोच खांद्याजवळचा रफू. तो पुढं जाऊन खांद्यावर हात ठेवणार, तेवढ्यात पेंटरनं मागं वळून पाहिलं.

"माह्यं पोरगं ओरडलं नाई, रडलं नाई," सिस्टर म्हणाल्या. "तसंच बाहीर गेलं. घरी येऊन म्हणे, मम्मी, वर्षभर तरी थांबाचं. मी म्हटलं, बाबा, कोट खुंटीवर ठेवून तुहे पप्पा वापस येते काय? वस्तू धरून बसलं की माणूस विसरते. थो म्हणे, देऊन टाकून तुले काय विसराचं हाये मंग? आता सांग, हे काय विचारणं झालं?"

पेंटर बिचारा कोट परत घेऊन आला होता. सिस्टरनी घेतला नाही. "थंडी वाजते न तुले? घाल." त्यानं घातला. पण त्या वर्षापासून तो चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसू लागला, म्हणजे त्याची पाठ कुणाला दिसायला नको.

मुलगा नंतर बंगलोरला नोकरीला लागला, तिकडंच लग्न केलं, मुलगी झाली. पैसे पाठवायचा, फोन करायचा. नाताळाला मात्र येत नसे. दरवर्षी चोवीस तारखेला संध्याकाळी फोन. "मम्मी, सुट्टी नाही मिळाली." दरवर्षी सिस्टर म्हणत, "बरं, पुढच्या साली येजो." आणि फोन ठेवून, समोरच्या खोलीत जाऊन कंबरेवर हात ठेवून उभ्या राहत. डॉक्टर पेशंटकडे पाहतो तशा त्या त्या खोलीकडे पाहत.

त्यांचं निदान ठाम होतं. पोरगं येत नाही, कारण घरात जागा नाही.

आधी सोफा गेला. "सून येईन, तिले आंग टाकाले पायजे." मग शोकेस गेलं. "पोरगी खेळन कुठी?" मग जेवणाचं टेबल, मग आलमारी. "आजकालच्या लोकायजवळ बॅगाच लय राह्यते. त्या ठेवाले भित मोकळी पायजे." दर डिसेंबरात आंगणातल्या बाजा कमी होत गेल्या आणि घर मोठं मोठं होत गेलं. माझ्या सामानालाही त्या हळूहळू कमी बोलू लागल्या, कारण त्यांचं सगळं लक्ष आता त्या एका खोलीवर होतं. मी एकदा म्हटलं, "सिस्टर, आता तरी राहू द्या काही. बसायला खुर्ची तरी."

"मले बसाले टाइम कुठी हाये? थो आला की म्हणन, मम्मी, केवढं मोठं झालं वो आपलं घर!"

आणि एका वर्षी तो खरंच आला.

आठवडाभर आधी फोन आला होता. सिस्टर फोन हातात धरून आमच्या दारात आल्या, अनवाणीच. मला वाटलं काहीतरी वाईट. "येऊन राह्यला," त्या म्हणाल्या, "तिघंही." त्या आठवड्यात त्यांनी राहिलेलंही काढलं. भिंतींना चुना दिला. दारावर कागदी चांदणी टांगली, आत बल्ब लावला. आणि समोरच्या खोलीत तीन बाजा, तीन पांढऱ्या चादरी, कोपरे असे खोचलेले की माणसानं आत शिरायचं कसं हा प्रश्न पडावा. बाकी खोलीत काही म्हणजे काही नाही.

नागपूरहून गाडी करून ती मंडळी दुपारी पोचली. मी चहाचा ट्रे घेऊन गेले होते, म्हणून समोरच होते. मुलगा चाळिशीतला, आईसारखाच उंच. सून हसतमुख, पण बिचारीला पर्स कुठं टांगावी ते कळेना. भिंतीला खिळासुद्धा नव्हता. नात आत पळाली, "हॅलो!" म्हणाली, आणि खोलीनं उलट "हॅलो" म्हटलं. तिला फार गंमत वाटली. ती पुन्हा पुन्हा ओरडू लागली. हॅलो, हॅलो.

मुलगा खोलीच्या मधोमध उभा होता. एकेका भिंतीकडे पाहत होता.

"माझं टेबल?"

"शिंप्याले देल्लं. त्याच्या पोरीनं त्याच्यावर अभ्यास करून बारावी काढली."

"पुस्तकं? मेडल्स? पप्पांनी काढलेलं माझं चित्र होतं, पेन्सिलचं..."

"चित्राले वाळवी लागली रे. फ्रेम चांगली होती, थे पाळकसाहेबाले देल्ली."

"मम्मी," तो हळूच म्हणाला, "मी ह्या घरात कधी राहत होतो, असं वाटावं असं काही ठेवलंय का तू?"

सिस्टरना प्रश्नच कळला नाही. त्या खोलीकडे हात करून हसत म्हणाल्या, "जागा हाये न! एवढी जागा तुह्यासाठीच त करून राह्यली मी, इतकी वर्षं."

"मला जागा नको होती गं."

नात ओरडली, "हॅलो!" सुनेनं तिला गप्प केलं.

ती मंडळी त्या बाजांवर झोपली नाहीत. मुलीला सवय नाही, असं सांगून हॉटेलात उतरली. नाताळाच्या सकाळी चर्चमध्ये आली, दुपारी जेवली, करंज्या बांधून घेतल्या. भांडण नाही, मोठा आवाज नाही. दुसऱ्या दिवशी गाडी आली आणि गेली. सिस्टर फाटकात उभ्या होत्या. गाडी वळली तरी आत येईनात. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "चादरी तशाच्या तशा हायेत वो. एक सुरकुती नाई."

दोन दिवसांनी त्या माझ्याकडे आल्या. मूठ मिटलेली. "तुह्याजोळ एखांदी डबी हाये काय वो?"

मला विचारलं होतं! मी उंबरठ्यावरच डब्यांची रांग लावली. सिस्टरनी एक चपटी डबी निवडली आणि मूठ उघडली. आत नातीची क्लिप होती, फुलपाखराची. बाजेखाली सापडली. घरात एकही कप्पा उरला नव्हता, म्हणून ती ठेवायची कुठं हे त्यांना कळेना. चार-पाच दिवस ती डबी त्यांच्या उशाशी होती. मग त्यांनी ती कुरिअरनं बंगलोरला पाठवून दिली. "तिची हाये. तिले लागन," म्हणाल्या. माझी डबी गेली याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं नाही.

पुढच्या डिसेंबरात आंगणात एकच बाज होती. तीवर सिस्टर स्वतः बसल्या होत्या, उन्हाकडे पाठ करून. मी माझं सामान काढून त्यांच्यापुढं मांडलं, मुद्दाम, लेमन सेट सगळ्यांत पुढं. माहेरच्या कार्यातून आणखी एक आला होता. त्यांनी पाहिलं. "राहू दे," म्हणाल्या. "असू दे घरात कायतरी." त्या वेळी मला खरी भीती वाटली.

त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. यंदा दिवाळी झाली, थंडी पडली, आणि एका सकाळी दूधवाल्यानं हाका मारल्या तरी दार उघडलं नाही. झोपेतच गेल्या. चादरीचे कोपरे खोचलेलेच होते. सरळ पडल्या होत्या, पेशंटला सांगतात तशा.

मुलगा एकटाच आला. माती देऊन झाली, लोक पांगले. तो म्हणाला, "मी नाताळापर्यंत रजा टाकलीय. घर आवरायला वेळ लागेल ना." कुणी तरी त्याला सांगितलं असावं, आईबापांचं घर आवरणं सोपं नसतं. आमच्या बाबांचं घर आवरायला मला आणि भावाला अख्खा उन्हाळा लागला होता. दर मुठीला एक भांडण आणि एक रडणं. त्यानं बाजारातून खोक्यांचा गठ्ठा आणला, चिकटपट्टी आणली, वर लिहायला जाड मार्कर आणला. मीही रविवार होता म्हणून पदर खोचून गेले.

एक बाज. दोन पातळं, एक स्वेटर. पवित्र शास्त्र. शेगडी, एक गंज, दोन ताटल्या, वाटी. एक छोटा आरसा.

माझा चहा निवायच्या आत काम झालं. एक खोकंसुद्धा धड भरलं नाही. तो उरलेल्या खोक्यांच्या गठ्ठ्यावर बसला, हातात मार्कर, टोपण काढलेलं.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं."

"मग आता मी काय करू?"

आमच्या घरात कुणी असं बसून राहिलं की त्याला कुठं तरी नेतात. मी म्हटलं, "चला, सामान पाहायला."

"कुठलं सामान?"

"तुमचंच. कबाड्याकडं काहीच गेलेलं नाही. ह्याच गल्लीत आहे सगळं."

पहिलं घर शिंप्याचं. टेबल आता कापड बेतायला होतं, वर खडूच्या रेघा. मी ओळख करून दिली तसा शिंपी कात्री खाली ठेवून उभाच राहिला. "म्हणजे तुमीच काय थे कर्कटकवाले?" त्यानं कापड बाजूला सारलं. टेबलाच्या कडेला वेडीवाकडी अक्षरं कोरलेली होती. "नाव कोरलं म्हणून सिस्टरनं कान पिळला, अन् मास्तरनं म्हणजे तुमच्या वडिलानं अक्षर दुरुस्त करून देल्लं. खरं न? ह्या वेलांटीचं वळण त्यायचं हाये म्हणे."

मुलगा वाकून पाहू लागला. "तुम्हाला कसं माहीत?"

"त्यायनंच सांगतलं, टेबल आणलं तवा. तासभर बसल्या होत्या. मी म्हटलं, सिस्टर, टेबल द्याचं त देऊन टाका, पुराण काहून सांगता? त म्हणे, पेशंट दुसऱ्या वॉर्डात पाठवला त त्याचा कागद संगं जाते. नाईतं तिथल्याले कसं कळन, ह्याले आजपर्यंत काय काय झालं?"

मी भिंतीला टेकले. इतकी वर्षं आम्हाला वाटत होतं, त्या सूचना देतात.

पुढचं घर एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टरांचं. त्यांच्या बायकोनं आतून शाळेचा डबा आणला, पोचे आलेला, दोन कप्प्यांचा. आता त्यांची नात नेते. "माय वो, हेच काय थे!" त्या बाई त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळत म्हणाल्या. "भेंडीची भाजी तशीच्या तशी वापस आणत होते म्हणे तुमी. अन् रस्त्यातल्या कुत्र्याचं नाव सांगत होते. आमची पोट्टी बी तेच करते. मी तिले सांगत असतो, सिस्टरच्या पोरावानी करू नको."

तो हसला. मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं. मग तो म्हणाला, "भेंडी आवडत नाही मला अजून," आणि डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं. कंडक्टरांच्या बायकोनं त्याच्यापुढं पाण्याचा गिलास ठेवला.

अशीच आम्ही आणखी दोन-तीन घरं फिरलो. प्रत्येक ठिकाणी तो काही मागेल, निदान हात लावून म्हणेल की हे मी नेऊ का, असं मला वाटत होतं. माझ्या माहेरचं कुणी असतं तर टेम्पो बोलावला असता. तो फक्त बसत होता आणि लोक त्याला त्याच्याबद्दल सांगत होते.

शेवटी गल्लीच्या टोकाला हारफुलांची गाडी लावणाऱ्यांच्या घरी गेलो. घरात सून एकटीच होती, शेवंतीची टोपली पुढ्यात, हार ओवत बसलेली. खोलीच्या मधोमध आढ्याला पाळणा टांगलेला, लाकडी, दांड्यांवरचा हिरवा रंग उडालेला. आतलं बाळ किरकिरत होतं.

"हा त तुमच्या घरचाच हाये, दादा," ती म्हणाली. "माह्या सासूले देल्ता सिस्टरनं. माह्या नवऱ्याच्या टायमाले. थे बी ह्याच्यातच मोठे झाले."

तो पाळण्याकडे पाहत राहिला. "ह्याबद्दलही काही सांगितलं होतं का तिनं?"

"तं! सासूबाई सांगे न. तुमी दिवसा मुकाट झोपा, अन् सिस्टर ड्युटीवरून आल्या की जागे. त्या तशाच, डिरेसवर, खाली बसून दोरी वढत. डोया लागे त्यायचा. हात थांबला की तुमी उठा. मंग त्या झोपेतच वढत." ती हातातली सुई फुलात खोचून उठली. "बसा, चाय ठेवतो. जरा धरता काय हे? नाईतं भोंगा चालू होईन."

तिनं दोरीचं टोक त्याच्या हातात दिलं आणि चुलीकडं गेली.

तो खाली फरशीवर बसला. इस्त्रीची पँट, बंगलोरचे मोजे. पहिले दोन हिसके जोरात बसले, मग त्याला जमलं. कडी कुरकुरायला लागली. बाळाची किरकिर हळूहळू कमी झाली, मग नुसते श्वास ऐकू येऊ लागले. मी शेवंतीची दोन-चार फुलं उगाच उचलून परत टोपलीत ठेवली. त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहवलंच नाही.

ती चहा घेऊन आली. पाळण्यात डोकावली.

"झोपलं थे," ती म्हणाली. "सोडा आता दोरी, दादा. चाय थंडा होऊन राह्यला."

"हो," तो म्हणाला, आणि दोरी ओढत राहिला.